नेट बंद पडलं? आधी वायर बघा, मग आयपीला हात लावा

नेट अडलं की बहुतेक घरांत आधी राउटर बंद-चालू होतो. तेवढ्यावर भागलं नाही की कुणीतरी फोनवर सुचवतं, 'आयपी बदलून बघ.' पहिला उपाय करायला हरकत नाही. दुसऱ्याने मात्र पुष्कळदा चालू असलेला प्रिंटर किंवा कॅमेराही बंद पडतो. आयपी म्हणजे पत्ता. रस्ताच खचलेला असेल तर घराचा नंबर बदलून पोस्टमन येत नाही. म्हणून इथे क्रम ठरलेला आहे : दिवे, फायबर, लॅन केबल, वीज आणि सगळ्यात शेवटी पत्ते.

मांडणी आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसते तीच धरू. गच्चीवरून किंवा डक्टमधून बारीक काळी फायबर येते. ती दाराजवळ किंवा टीव्हीमागे ओएनयू नावाच्या छोट्या डब्यात शिरते. काही जण त्याला मोडेम म्हणतात, काही ओएनटी. तिथून लॅन केबल आतल्या खोलीतल्या राउटरला जाते आणि राउटर वायफाय देतो. तुमच्याकडे दोन्ही कामं एकाच डब्यात होत असतील तर मधली लॅन केबल वगळून वाचा.

दिवे काय सांगतात

काहीही उपटण्याआधी ओएनयूचे दिवे बघा. 'पॉवर' आणि 'पॉन' स्थिर हिरवे आणि 'लॉस' विझलेला असेल तर बाहेरून प्रकाश नीट येतोय. 'लॉस' लाल लुकलुकतोय म्हणजे फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी राउटरमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. 'लॉस' विझलेला पण 'पॉन' लुकलुकत राहतो, म्हणजे प्रकाश येतोय पण पलीकडचं यंत्र तुमच्या ओएनयूला ओळखत नाही. सिग्नल फार क्षीण असला किंवा नेटवाल्याच्या बाजूला नोंदणी उडाली की असं होतं.

ओएनयूवर सगळं ठीक, तरी नेट नाही? मग लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनयूला लावून बघा. ओएनयू स्वतःच लॉगिन करत असेल तर नेट चालू होईल, आणि दोष मधल्या केबलमध्ये किंवा राउटरमध्ये आहे हे नक्की. ओएनयू ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे स्वतः लॉगिन न करता नुसता सिग्नल पुढे देत असेल, तर लॅपटॉपवर युजरनेम-पासवर्ड टाकून पीपीपीओई (नेटवाल्याकडे लॉगिन करायची पद्धत) कनेक्शन बनवावं लागेल. विंडोजमध्ये त्यावर ६९१ हा एरर आला तर युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा पॅकची मुदत संपलीय. ६५१ आला तर पलीकडून उत्तरच येत नाही, म्हणजे पुन्हा वायरीकडे वळा.

एक गोष्ट करू नका : मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून रीसेट. त्याने पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅनचा (नेटवाल्याने जोडणीला दिलेला) आकडा, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. हे आकडे कागदावर नसतील तर रविवारी संध्याकाळी ते कुणी देत नाही.

फायबर : काचेला वाकवायची एक हद्द असते

फायबरच्या आत केसाएवढी काच असते. ती तुटते त्याहून जास्त वेळा नुसती जास्त वाकते, आणि वाकलेल्या जागेतून प्रकाश बाहेर गळतो. दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही युनिट भिंतीला टेकवून सरकवलं, रंगाऱ्याने वायर खिळ्याला गुंडाळली, दाराच्या चौकटीत ती चिमटली, ही नेहमीची कारणं. साधा नियम म्हणजे फायबरचं वेटोळं बांगडीपेक्षा लहान करायचं नाही. घरात वापरायच्या फायबरला याहून कमी त्रिज्या चालते, पण तुमच्याकडे कुठल्या जातीची ओढलीय हे बाहेरून कळत नाही, तेव्हा बांगडी बरी. केबल टायने आवळू नका. वेल्क्रोची पट्टी सैल बांधा.

नेमकी तपासणी करायला मीटर लागत नाही. ओएनयूचं पान ब्राउझरमध्ये उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, लॉगिन डब्याखालच्या स्टिकरवर. स्टेटसमध्ये 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल' नावाखाली 'आरएक्स पॉवर' हा आकडा डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) दिसेल. तो उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल क्षीण. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २५ च्या पुढे गेला की पावसात, उन्हात नेट तुटत राहतं, आणि उणे २७ च्या आसपास बहुतेक ओएनयू दम सोडतात. उणे ८ च्या अलीकडचा आकडाही वाईटच, कारण प्रकाश इतका जोरात की ओएनयूचे डोळे दिपतात. पण घरगुती जोडणीत हे क्वचित होतं.

दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवलं की आकडे बोलू लागतात. काल उणे २१ होता आणि आज उणे २७ आहे, म्हणजे प्रकाश चौथ्या हिश्श्यावर आला. एवढी घट आपोआप होत नाही. कुठेतरी वायर मुडपलीय, कनेक्टर मळलाय किंवा गच्चीवरच्या जोडपेटीत पाणी शिरलंय. म्हणून नेट नीट चालू असताना हा आकडा एकदा लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी तोच तुलनेला कामी येतो.

कनेक्टर दोन रंगांचे असतात. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं, निळ्याचं जवळजवळ सपाट. हिरवा निळ्यात बसतो खरा, पण दोन टोकांमध्ये फट राहते, सिग्नल पडतो आणि टोकावर चरे जाऊ शकतात. रंगाला रंग लावा. कनेक्टर काढलात तर टोकाला बोट लावू नका, शर्टाने पुसू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, एवढंच. आणि टोकात डोळा घालून 'लाइट येतोय का' हे कधीच बघू नका. तो लेसर इन्फ्रारेड असतो, दिसत नाही आणि डोळ्याला मात्र लागतो.

फायबर खरंच तुटली असेल तर ती स्प्लाइसिंग मशीननेच जोडायची. चिकटपट्टीचे प्रयोग इथे चालत नाहीत. नेटवाल्याला बोलवा.

स्पीड ९४ वरच अडकतो

घरगुती वायरिंगमधला हा सगळ्यात बोलका आकडा आहे. पॅक २०० किंवा ३०० चा, आणि केबल लावून स्पीड टेस्ट केली की दर वेळी ९३, ९४, ९५. नेटवाला स्पीड कमी देतोय असं वाटतं. पण नेटवाल्याची कमी गती वर-खाली होते. ती रोज नेमकी ९४ वर येऊन थांबत नाही. १०० मेगाबिटच्या जोडणीतून वरचा खर्च वजा जाता एवढंच हाती येतं. म्हणजे मध्ये कुठेतरी जोडणी हजारवरून शंभरवर उतरलीय.

कारण केबलच्या आत आहे. लॅन केबलमध्ये ४ जोड्या, ८ तारा. १०० मेगाबिटला त्यातल्या ४ च पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे हजार मेगाबिटला, आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक जरी तार कनेक्टरात नीट टेकली नाही, तर दोन्ही यंत्रं आपसांत ठरवून शंभरवर उतरतात. नेट चालू राहतं, कुठलाही लाल दिवा लागत नाही, आणि दोष महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. तिथे 'लिंक स्पीड' समोर १०००/१००० हवं. १००/१०० दिसलं की पुढच्या क्रमाने चला. आधी ओएनयूचं पोर्ट बघा. स्वस्त ओएनयूवर एक पोर्ट 'जीई' आणि एक किंवा अधिक 'एफई' असतात. जीई हजारचं, एफई शंभरचंच. केबल चुकीच्या भोकात असली तर काम दहा सेकंदांत संपतं. मग राउटर बघा. बरेच जुने राउटर पाचही पोर्ट शंभरचे घेऊन येतात आणि खोक्यावर मात्र वायफायचा मोठा आकडा मिरवतात. दोन्ही ठीक असतील तर एखादी चांगली छोटी केबल लावून बघा. त्यावर हजार आलं तर तुमची लांब केबल किंवा तिचं टोक दोषी.

टोक नव्याने मारायचं असेल तर

सामान : आरजे-४५ कनेक्टर (दोन लागतात, दहा घ्या), क्रिंपिंग टूल, साधा लॅन टेस्टर. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवायचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 'बी' क्रम चालतो :

१ पांढरा-नारिंगी, २ नारिंगी, ३ पांढरा-हिरवा, ४ निळा, ५ पांढरा-निळा, ६ हिरवा, ७ पांढरा-तपकिरी, ८ तपकिरी.

मेख तिसऱ्या ते सहाव्या तारेत आहे. हिरव्या जोडीच्या पोटात निळी जोडी बसते आणि निळ्या जोडीत गडद तार आधी येते. नवशिका इथे हमखास चुकतो आणि जोडीला जोडी लावत सुटतो : नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. दोन्ही टोकं तशीच मारली तर टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, कारण टेस्टर फक्त तार पोचली का एवढंच बघतो. पण ३ आणि ६ या पिना आता एकाच पिळातल्या राहिल्या नाहीत. पीळ घातलेला असतो तो शेजारच्या जोडीचा गोंगाट मारायला, तोच तुटला. लहान केबलवर हे खपून जातं. पंधरा-वीस मीटरवर नेट अडखळतं आणि माणूस राउटर बदलतो.

आता कृती. मागची रबरी टोपी असेल तर ती आधीच केबलमध्ये घालून घ्या. नंतर आठवून उपयोग नसतो. बाहेरचं आवरण टोकापासून अंदाजे ३ सेंटीमीटर सोला. पातं नुसतं गोल फिरवा, दाबू नका. आतल्या तारेच्या आवरणाला चीर गेली तर तिथून पुढे मागे ती तुटणारच. मधला प्लास्टिकचा क्रॉस असेल तर मुळापासून कापा. पीळ सोडवा, प्रत्येक तार बोटांत धरून सरळ करा, क्रमाने शेजारी शेजारी लावा आणि अंगठ्याने घट्ट दाबून धरा. आता आठही तारा एकाच फटक्यात कापा. आवरणाबाहेर १३ मिलिमीटर उरल्या पाहिजेत. जास्त ठेवल्या तर आवरण कनेक्टरात शिरत नाही आणि ओढ थेट तारांवर येते.

कनेक्टर असा धरा की खटका पलीकडे, सोनेरी पिना तुमच्याकडे, तारा शिरायचं तोंड खाली. डावीकडची पहिली पिन १. तारा आत सारा आणि पुढच्या पारदर्शक भिंतीवर आठ तांब्याचे ठिपके मोजा. सात दिसले तर बाहेर काढा, पुन्हा कापा, पुन्हा सारा. 'दाबल्यावर बसेल' ही आशा खोटी. आवरण खाचेखाली किमान ५-६ मिलिमीटर आत गेलेलं दिसलं की मगच टूल जोरात दाबा. टेस्टरवर १ ते ८ ओळीने लागले पाहिजेत. शेवटचा 'जी' चा दिवा साध्या केबलला लागत नाही. तो धातूच्या आवरणाच्या केबलसाठी असतो. त्यामुळे तो विझलेला दिसला म्हणून टोक पुन्हा कापू नका.

केबल विकत घेताना एक तार पात्याने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून चांदीसारखी निघाली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. स्वस्त मिळते, हातात हलकी लागते, दोन-चारदा वाकवली की तुटते. दुकानात 'शुद्ध तांब्याची' असं स्पष्ट विचारा. घरासाठी कॅट-५ई ने गिगाबिट आरामात जातं. नवीन घरात पाइपमध्ये ओढायचीच आहे तर कॅट-६ ओढा, कारण मजुरी तीच. एका सलग केबलची हद्द १०० मीटर. फ्लॅटमध्ये ती कधी गाठली जात नाही, बंगला आणि मागचं आउटहाउस असेल तर मोजून घ्या.

भिंतीतून, खिडकीतून, गच्चीवरून

लॅन केबल लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ओढू नये. गोंगाटापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे : आतलं आवरण खरचटलं तर २३० व्होल्ट थेट राउटरच्या पत्र्यात येतील. समांतर जायचंच असेल तर वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचं असेल तर काटकोनात. पाइपातून ओढताना अडली तर दोघांनी मिळून हिसडे देऊ नका. ११ किलोहून जास्त ओढ बसली की आतले पीळ ताणले जातात आणि केबल वरून धडधाकट दिसत असूनही गिगाबिट धरत नाही.

खिडकीतून आत घेताना केबल आधी चौकटीच्या खाली उतरवा, मग वर चढवून आत घ्या. हा छोटा झोळ ठेवला की पावसाचं पाणी सर्वात खालच्या बिंदूवरून ठिबकतं. नाहीतर ते केबलच्या अंगाने थेट पोर्टात पोचतं. चिपळूणपासून पणजीपर्यंतच्या पावसात हा झोळ म्हणजे चैन नव्हे. आतली राखाडी केबल गच्चीवर टाकू नका, उन्हाने तिचं आवरण तडकतं. बाहेरची काळी जाड आवरणाची येते.

आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल टांगू नका. मृगाच्या आधीच्या वळवात जवळपास वीज पडली की त्या तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जातात. तिथे फायबर ओढा. काचेतून वीज वाहत नाही. फक्त फायबरला आधाराची स्टीलची तार असते ती आत घेऊ नका, बाहेरच्या हुकालाच तोडून संपवा.

अर्ध्यात तुटलेल्या लॅन केबलच्या तारा पिळून चिकटपट्टी लावणं हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. चालतो, पण शंभरवर. दोन्ही टोकांना कनेक्टर मारून मध्ये कपलर (दोन टोकं जोडणारा छोटा डबा) घाला.

अडॅप्टर

नेट दर अर्ध्या तासाने जातं आणि राउटरचे सगळे दिवे एकदम नव्याने लागतात? तो वायरीचा दोष नाही, अडॅप्टर म्हातारा झालाय. मोकळा मोजला तर १२ व्होल्ट दाखवेल, भार आला की कोसळेल. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची जाडी तसंच मधला धन की ऋण हे चिन्ह जुळवून. ९ व्होल्टच्या राउटरला घरात पडलेला १२ चा लावू नका.

पत्ता वाचायला शिका

आता आयपी. प्रत्येक घरात दोन वेगळे पत्ते असतात आणि गोंधळ बहुतेक तिथूनच होतो. एक आतला, राउटर घरातल्या यंत्रांना वाटतो तो. दुसरा बाहेरचा, नेटवाला तुम्हाला देतो तो. आतले पत्ते १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होतात. हे कुणीही आपल्या घरात वापरावेत म्हणून राखीव आहेत. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या लॅपटॉपचा पत्ता सारखा असला तरी काही बिघडत नाही, जसं प्रत्येक सोसायटीत एक 'ए-१०१' असतोच.

विंडोजमध्ये सीएमडी उघडा. 'आयपी' आणि 'कॉन्फिग' हे दोन्ही रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता जोडून टाइप करा आणि एंटर दाबा. समोर आलेल्या 'आयपीव्ही४ अॅड्रेस' वरून निदान होतं. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलाय. म्हणजे केबल, पोर्ट किंवा राउटरचं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बघायचं. नेटवाल्याचा यात संबंध नाही. १९२.१६८ चा नीट पत्ता आहे आणि 'डीफॉल्ट गेटवे' (राउटरचा आतला पत्ता) ही भरलेला आहे, तर घरातलं ठीक.

मग 'पिंग' (समोरचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारी आज्ञा) रोमनमध्ये टाइप करून, जागा सोडून, आधी गेटवेचा पत्ता द्या. केबलवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत आलं पाहिजे. वायफायवर थोडं जास्त लागेल, पण ते शेकड्यांत उसळत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. गेटवे नीट बोलतोय तर ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. इथे उत्तर नसेल तर दोष ओएनयूच्या पलीकडे, किंवा लॉगिनमध्ये. ८.८.८.८ बोलतो आणि वेबसाइटचं नाव दिल्यावर मात्र सापडत नाही असं झालं, तर फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बिघडलाय : राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका, यंत्रं एकदा तोडून जोडा, झालं.

नुसता आतला पत्ता नव्याने घ्यायचा असेल तर त्याच 'आयपीकॉन्फिग' पुढे जागा सोडून तिरपी रेघ आणि 'रिलीज', मग तसंच 'रिन्यू'. फोनवर वायफायचं नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडलं की तेच काम होतं.

राउटरचा पत्ता कधी बदलायचा

याचं खरं कारण एकच आणि ते फार वेळा भेटतं. ओएनयूचा पत्ता १९२.१६८.१.१. बाजारातून आणलेल्या राउटरचाही तोच. राउटरला वाटतं आत आणि बाहेर एकच गल्ली आहे. तो बाहेर जायचं पाकीट आतच फिरवत बसतो. वायफाय पूर्ण दिसतं, नेट नाही. काही राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, सगळे नाही. तेव्हा हाताने असं करा :

१. राउटरच्या वॅन पोर्टातली, म्हणजे ओएनयूकडून येणारी केबल काढा. लॅपटॉप लॅन पोर्टाला लावा आणि त्याचं वायफाय बंद करा. हे न करता १९२.१६८.१.१ उघडलं तर कुणाचं पान उघडेल याचा भरवसा नाही.

२. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, लॉगिन, मग 'नेटवर्क' खाली 'लॅन'. पत्त्याच्या जागी १९२.१६८.२.१ टाका. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच राहू द्या.

३. डीएचसीपीचं पान उघडा. वाटायचे पत्ते १९२.१६८.२.१०० ते १९२.१६८.२.१९९ असे करा. काही राउटर हे स्वतः जुळवतात, काही जुनीच १.१०० ठेवतात आणि मग सगळ्यांना चुकीच्या गल्लीतले पत्ते वाटत बसतात.

४. सेव्ह करा. पान अडकेल, 'साइट सापडत नाही' म्हणेल. घाबरू नका, पत्ता तुम्हीच बदललात. लॅपटॉपची केबल काढून दहा सेकंदांनी लावा आणि १९२.१६८.२.१ उघडा.

५. ओएनयूची केबल वॅन पोर्टात परत लावा. ओएनयू लॉगिन करत असेल तर राउटरमध्ये वॅनचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' ठेवा. पीपीपीओई दोन्हीकडे भरायचं नसतं.

प्रिंटर किंवा डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) जुना १९२.१६८.१ चा पत्ता हाताने भरलेला असेल तर तो आता सापडणार नाही; तिथेही बदला.

राउटर फक्त वायफाय पसरवायला हवा असेल तर याहून सोपी वाट आहे : त्याला 'अॅक्सेस पॉइंट' मोडला टाका. तसा मोड नसेल तर पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि केबल वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात. निम्मे फोन चालतात, निम्मे नाही, आणि उद्या वेगळेच निम्मे. तसंच दोन डब्यांमध्ये 'पक्कं व्हावं' म्हणून दोन केबली लावू नका. पाकिटं गोल फिरत राहतात आणि अख्खं घर गारठतं.

प्रिंटरला, कॅमेऱ्याला कायमचा पत्ता

वीज गेली-आली की प्रिंटर सापडत नाही, कारण त्याला नवा पत्ता मिळालेला असतो. प्रिंटरमध्ये हाताने १९२.१६८.१.१०५ भरणं हा वाईट उपाय. तो आकडा राउटरच्या वाटपातलाच, उद्या तो एखाद्या पाहुण्याच्या फोनला देईल आणि दोघं भांडतील. राउटरमध्येच 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, यादीतून प्रिंटर निवडा, पत्ता बांधून टाका. फोनसाठी हे करताना एक खोच आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावाला वेगळा बनावट मॅक (यंत्राचा ओळख क्रमांक) दाखवतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी असतील तर राउटरला ते दोन फोन वाटतात. घरच्या नेटवर्कपुरतं ते बंद करा.

बाहेरचा पत्ता बदलतो का?

राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' बघा. ०.०.०.० असेल तर लॉगिनच झालेलं नाही. नवा राउटर लावल्यावरच असं झालं तर नेटवाल्याने जुन्या राउटरचा मॅक बांधलेला असू शकतो. 'मॅक क्लोन' मध्ये जुना मॅक टाका किंवा त्याला नवा कळवा. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. १० ने सुरू होत असेल तरी तेच. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर लॉगिन ओएनयू करतोय. मग ओएनयूच्या पानावरचा वॅन आयपी बघा. सीजीनॅटमध्ये बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. आयपीव्ही४ चे पत्ते मुळात ४.३ अब्जच, जागतिक साठ्यातला शेवटचा गठ्ठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, म्हणून ही चाळ.

सीजीनॅटमागे असाल तर राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं घरातल्या यंत्राकडे वळवणं) करा, बाहेरून कॅमेरा दिसणार नाही. वाट नेटवाल्याच्या दारातच अडते. उपाय दोन : पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड अॅप वापरा.

सीजीनॅट नसेल आणि जोडणी पीपीपीओईची असेल तर राउटरमध्ये 'डिसकनेक्ट' करून काही मिनिटांनी 'कनेक्ट' केलं की बहुधा नवा पत्ता मिळतो. डीएचसीपीच्या जोडणीत जुनाच परत येतो, कारण त्याची मुदत संपलेली नसते. रात्रभर बंद ठेवून बघा. यंत्राला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, लांब पत्ता) असेल तर अनेक साइटना तोच दिसतो आणि आयपीव्ही४ बदलून त्यांना काही फरक जाणवत नाही. स्पीड वाढायला मात्र यातल्या कशाचाच उपयोग नाही. आणि पत्ता बदलला म्हणून कुणी अनोळखीही होत नाही. कुठला पत्ता कुठल्या वेळी कुणाकडे होता, ही नोंद नेटवाल्याकडे राहते.

नेटवाल्याला फोन करताना

'नेट स्लो आहे' म्हटलं की पलीकडून 'राउटर बंद-चालू करा' हेच येणार. त्याऐवजी चार गोष्टी सांगा : लॉस-पॉनच्या दिव्यांची स्थिती, आरएक्स पॉवरचा आजचा आणि आधीचा आकडा, वॅन आयपी कशाने सुरू होतो, आणि केबलवर गेटवे नीट बोलत असताना ८.८.८.८ ला १०० पिंगपैकी किती हरवले. हे मोजायला पिंगच्या पत्त्यापुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि रोमन 'एन', पुन्हा जागा सोडून १००. आरएक्स पॉवर उणे २८ आहे असं सांगितलंत की माणूस पाठवताना तो स्प्लाइसिंग मशीन बरोबर देतो, नुसता पेचकस घेऊन येत नाही.